आखूड दांडा

५ मार्च १९७३, सलीनास

आज पुन्हा दहा तास लेट्यूसची विरळणी. कुदळीचा दांडा जेमतेम हातभर, त्यामुळे दिवसभर कमरेत वाकून. लांब दांडा दिला तरी काम तेवढंच होतं. पण मग उभं कोण आणि वाकलेलं कोण, हे मुकादमाला ट्रकमधून कळायचं कसं!

१६ तारखेला सुनावणी. ही कुदळ बंद करा, एवढाच आमचा अर्ज. सह्या सगळे देतात, साक्षीला कुणी तयार नाही. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "रेमे, तुझे वडील आले तर काम फत्ते. एकाच मालकाकडे बावीस वर्षं, आणि पाठ ही अशी." पप्पांना हल्ली मोजेही आईच घालते.

७ मार्च

पप्पांना विचारलं.

"मुकादम कोण आहे, विसरलीस?"

कशी विसरेन? डॉन एलिसेओ. माझे पाद्रीनो, बाप्तिस्म्याला मला हातांवर घेतलेले धर्मपिता. म्हणून ते आणि पप्पा एकमेकांचे कोंपाद्रे. देवासमोर जोडलेलं नातं म्हणे, सख्ख्या भावाहून मोठं!

"साक्ष मालकाविरुद्ध आहे, त्यांच्याविरुद्ध नाही," मी म्हटलं.

"वाक म्हणून ओरडतो कोण? मालक?"

ताट सारून उठले. उठतानाही टेबल धरावं लागलं. मला नुसता वीट आलाय. भांडायचं तरी कुणाशी?

११ मार्च, रविवार

एक सुचलं. रीतीप्रमाणे पाद्रीनोंची परवानगीच घ्यायची! आईने मक्याच्या पानात उकडलेले तामालेस करून दिले. गेले, त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, सगळं सांगून टाकलं. सुनावणी, तारीख, पप्पांची साक्ष. वकीलबाईंना कळलं तर मला वेड्यात काढतील. पण धर्मपित्याला अंधारात ठेवायचं कसं?

त्यांनी डोळे पुसले.

"कोंपाद्रेची पाठ मी रोज ट्रकमधून बघतो, पोरी. मला काय दिसत नाही? सांग त्याला, खरं असेल ते बोल."

घरी येऊन सांगितलं. पप्पा म्हणाले, "तो स्वतः म्हणाला? मग येतो मी."

आज कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

१३ मार्च

वकीलबाई खूश. कमर धरलीय, बसून लिहवत नाही.

१४ मार्च

पाद्रीनोंना मालकाने पॅकिंगच्या शेडवर नेमलं. उद्यापासून नवा मुकादम. "मालकाशी बोललो मी. तुमच्या भल्याचंच बोललो," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. जेवताना पप्पा माझ्याकडे बघत नव्हते.

१५ मार्च

सकाळी पप्पा माझ्या आधीच घरातून निघाले होते. दहाच्या सुमारास मी जराशी पाठ सरळ केली. मुकादमाच्या ट्रकमधून हाक आली, "वाक, रेमे. मालक बघतायत."

पप्पांचा आवाज. त्यांना आता कधीच वाकायला नको.

मी वाकले.