मोकळिकीचा दुसरा ग्लास

३ मार्च, रविवार. दुपारी.
चर्चमध्ये उपासनेत राडा. पाळकांनी दारूवर उपदेश झोडला. मी मधेच उभा राहून विचारलं, प्रभूने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला की लिंबू सरबत? पाळक म्हणाले, प्यायची मोकळीक आहेच, पण तुमच्या पेल्याने विश्वासात दुर्बळ असलेला भाऊ अडखळत असेल तर पेला बाजूला ठेवावा. सेक्रेटरीने माझी बाही ओढली. कानफटात वाजवली त्याच्या. चष्मा थेट ऑर्गनवाल्या बाईंच्या मांडीत. हा पवित्र संताप. प्रभूनेही मंदिरात टेबलं उलथली होती. माझं नाकही फुटलं, कारण सेक्रेटरी डावखुरा निघाला.
निश्चय: रोज एकच पेग, तोही देवाचे आभार मानून, उपकारस्तुती करून.

४ मार्च, सोमवार.
काल तीन झाले. उपकारस्तुतीच लांबली.
धाकट्या भावाची बायको दुकानात आली. काचा कापण्याचं, आरसे बसवण्याचं हे दुकान आम्हा दोघा भावांचं. धाकट्याने एकदा पिऊन तिचा हात मोडला, तेव्हापासून तो थेंबाला शिवत नाही. म्हणाली, दादा, दुकानात तरी बाटली ठेवू नका. मी तिला मोकळिकीचा खरा अर्थ समजावला. पालथ्या घड्यावर पाणी.

७ मार्च, गुरुवार.
धाकटा मान खाली घालून काच कापत होता. म्हटलं, बाटलीला भितो तो कसला मोकळा? तू नियमाचा गुलाम आहेस.
"दादा, ती भीती आहे म्हणून बायको घरात आहे."
बिचारा. विश्वासात कच्चा. यालाही मीच घडवायचं.

९ मार्च, शनिवार. दुपारी.
सलूनवाल्याचा मोठा आरसा तयार. खुशीत दोन ग्लास भरले, दोन्हींवर प्रार्थना केली. धाकट्याने त्याचा ग्लास सरकवला. सलूनवाल्यादेखत त्याला भित्रा म्हणालो. मग प्यायला. काय झालं? काही नाही. आज एक माणूस मोकळा झाला.
दुसरा ग्लास त्याने स्वतःच भरला.

संध्याकाळी.
आरसा फुटला. धाकट्याने फेकलेली हातोडी माझ्यासाठी होती, मी वाकलो. मग त्याने माझं डोकं टेबलावर आपटलं, मी त्याच्या पोटात लाथ घातली, दोघं काचांवरून लोळलो. माझे पुढचे दोन दात गेले. तळहात फाटलाय, म्हणून अक्षर असं. तो तसाच घरी गेला. घरी ती होती.

१० मार्च, रविवार.
तिची भुवई फुटली, तोच हात पुन्हा मोडला. मुलीला घेऊन माहेरी गेली. धाकटा कोठडीत. चूक त्याचीच. मी एकच ग्लास म्हणालो होतो.
पाळक आले. मी सगळी वचनं तयार ठेवली होती, पण ते वादच घालेनात. काचा झाडत बसले. म्हणाले, धाकटा जामिनावर सुटला की मंगळवारी कामावर येईल, दुकानात दारू नको एवढंच त्याचं म्हणणं. मी ठणकावून सांगितलं, माझ्या डाव्या हातचा मळ. प्यायची मोकळीक, तशी न प्यायचीही.

१२ मार्च, मंगळवार.
सकाळी बाटली मोरीत ओतली. बहुतेक सगळी. उरलेली औषधापुरती, दातांच्या जागी फार ठणकतं. पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यावा असं शास्त्रच सांगतं, मग दातांनी काय घोडं मारलंय?
धाकटा आला. उंबऱ्यावरच थांबला. मी "ये" म्हणालो, तेवढ्याने त्याला वास आला.
"दादा, एक दिवस तरी."
रडत होता. दुकानाची किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेला.

संध्याकाळी.
मला सगळ्याची मोकळीक आहे. आज न पिण्याची तेवढी जमली नाही.