गाडीवरून स्वतःहून उतरलेल्याचा विमा

दादा,

काल, मंगळवारी, दुपारी सव्वातीन वाजता विमा कंपनीच्या मुलीने फोनवर तुमच्या मुलाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, सांगितलं, "सर, पॉलिसी देऊ, पण फुफ्फुसांच्या आजारावर पहिली तीन वर्षं काही मिळणार नाही." मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, "मग तीन वर्षं त्याने श्वास कशाने घ्यायचा, गुडघ्यांनी?" तिने माझं म्हणणं नोंदवून घेतलं. फार गोड बोलली. हप्ता असा, की माझ्या पेन्शनीतून तो भरला तर घरात किराणा येणार नाही.

तुम्ही त्याला तुमच्याच अग्निशमन दलाच्या भरतीसाठी तयार करत होता ते दिवस मला आठवतात. ज्वारीचं पोतं त्याच्या खांद्यावर देऊन तुम्ही त्याला जिन्यावरून उतरवताय. आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, "पोराचं कंबरडं मोडंल!" आणि तुम्ही शांतपणे सांगताय, "ज्या दिशी हे घिऊन उतरता येनार न्हाई, त्या दिशी गाडीवरनं सोताहून उतरायचं. आपल्यापायी दुसरा मरता कामा नये." मी विचारलं, मी का नको? तर म्हणालात, "तू कॉन्व्हेंटात शिकलीयास. आमच्या सायबास्नी विंग्रजीत झापनारं कुनीतरी पायजे का न्हाई!"

दोन वर्षांपूर्वी एमआयडीसीत रंगाचं गोदाम पेटलं. एका कामगाराला खाली आणताना तुमच्या मुलाचा दम अर्ध्या जिन्यावर संपला. मागच्या जवानाने दोघांना सावरलं. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. पन्नाशी नुकती उलटली होती. सगळे सोबती सांगत होते, "आजारी रजा टाक, ऑफिसात खुर्ची धर, नोकरी हाय तवर विमा हाय." तर हा म्हणे, "दादांनी काय सांगितलं हुतं?" नोकरी गेली, विमा त्याच दिवशी गेला. ज्या धुराने फुफ्फुसं खाल्ली तो धूर गावाचा, फुफ्फुसं मात्र त्याची एकट्याची.

आता डॉक्टर म्हणतात, लगेच दाखल करा. मी माझी एफडी मोडते म्हटलं, तर "अक्के, तुझ्या म्हातारपनाचे पैसे खाऊन मी जगू व्हय?" असं म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपला. मी म्हटलं, "म्हातारपण आलंय माझं, आता आणखी कधी वापरू?" हसला नाही.

तेव्हा तुम्ही मला उद्या, गुरुवारी, सकाळी अकराच्या आत लेखी कळवा की बहिणीचे पैसे घेतल्याने फायरमनची इज्जत जात नाही. खाली सही करा. अकरानंतर हॉस्पिटलवाले खाट दुसऱ्याला देणार आहेत.

तुम्ही गेलात तिकडचं पत्र टाकायला पेटी नाही, एवढं मला कळतं. पण माझं तो ऐकत नाही, दादा. आज दुपारी त्याला पाणी हवं होतं तर बोलायला दम पुरेना, नुसता हात हलवला. मी त्याच्यावर ओरडायचं विसरले.