चौथा बुरूज

एस्त्रेमोझ, ११ मार्च

प्रिय आल्दिना,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र बुधवारी मिळालं. इथे सगळं ठीक. फेलिस्मिना मावशीचा गुडघा आता बरा आहे, पण बरा आहे असं कुणी म्हटलेलं तिला चालत नाही. संत्री यंदा आंबट निघाली. पोर्तोच्या थंडीत तू सकाळी काही गरम खातेस की नुसत्या कॉफीवर असतेस, ते लिहिलं नाहीस.

पुस्तक ईस्टरनंतर छापायला जातंय, छान झालं. सेइतिल नाण्यांच्या ठशांचे इतके प्रकार एका बाईने एकटीने लावले, असं लोक म्हणतात. माझ्याही कानावर येतंच. पाववालीसुद्धा मला विचारते, "बहिणीचं पुस्तक आलं का?" तीस वर्षं मी इथल्या पोरांना इतिहास शिकवला, पण गावात आता मी आल्दिनाची बहीण.

चौथ्या बुरुजाचं पान काढून टाकलं, असं तू शेवटी एका ओळीत लिहिलं आहेस. ती ओळ मी चारदा वाचली.

खरं सांगू? पहिल्यांदा बरं वाटलं.

बाबा कुलुपांचं दुकान बंद करून आले की आपल्यापुढे ही तांब्याची नाणी पसरायचे. एका बाजूला ढाल, दुसरीकडे समुद्रावरचा किल्ला, त्याला तीन बुरूज. मी पुस्तकात बघून ओळखायची, तू नुसतं बोट फिरवून. नऊ वर्षांची असताना तू एका नाण्यावर चौथा बुरूज दाखवलास. बाबा म्हणाले, "हिला डोळा आहे. एर्मेलिंदा, तू यादी लिही." ते नाणं त्यांनी तुला दिलं आणि मला वही दिली. तेव्हापासून मी यादीच लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी कोइंब्राला नाण्यांच्या अभ्यासकांच्या सभेत तू ते नाणं सगळ्यांपुढे ठेवलंस. मंडळी म्हणाली, नाणं एकच आहे, हातोडा दोनदा पडला असेल, मध्ये नाणं सरकून बुरूज दोनदा उमटला असेल. असंच दुसरं मिळालं तर मानू. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण बाबांची थोरली मी. मी म्हणाले, "दुहेरी ठोकाच आहे तो. आम्हाला घरी पहिल्यापासून माहीत होतं." सगळे हसले. तूही हसलीस आणि नाणं रुमालात गुंडाळलंस.

दुसरं मिळालं होतं, आल्दिना. त्या सभेच्या पाच वर्षं आधी, इथल्या शनिवारच्या बाजारात, गंजक्या किल्ल्या आणि बटणांच्या वाडग्यात. अंगठ्याने माती पुसली तर चार बुरूज. चौथा तुझ्या नाण्यावरच्यासारखाच, जरा डावीकडे झुकलेला. दोन नाणी तंतोतंत सारखी सरकत नाहीत, एवढं मलाही कळतं. ठसा कोरणाऱ्यानेच चौथा बुरूज कोरला होता. नऊ वर्षांची तू बरोबर होतीस.

बाजारात मी अक्षरशः हरखले. तू शेजारी नव्हतीस आणि तरी मला सापडलं. घरी येईपर्यंत लक्षात आलं, की सापडलं माझ्या हाताला, पण खरी ठरणार तू. ते मला सोसेना. नाणं सुयांच्या डबीत टाकलं आणि तुला पत्रात ऑलिव्हच्या लोणच्याबद्दल लिहिलं. कोइंब्राला मी बोलत होते, तेव्हा ते माझ्या पर्समध्ये होतं. का नेलं होतं, विचारू नकोस. दाखवायचंच होतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

हा मत्सर आहे, दुसरं काही नाही. एकाहत्तरीत तरी जाईल वाटलं होतं, गेला नाही.

पान परत घाल. नाणं पोस्टानेच पाठवणार होते. सोमवारी गेले आणि रांगेतून परत आले. काल पुन्हा गेले, नुसती तिकिटं घेऊन आले, त्यातलंच एक या पाकिटावर आहे. तेव्हा तूच ये, या आठवड्यातच ये. दारात उभी राहून आधी नाणं माग, मग माझी चौकशी कर. हरवलं म्हणाले तर विश्वास ठेवू नकोस. मी बहुधा म्हणेन.

आणि दुसरं कुणाला सापडलं, तेही छाप. तुझ्या नावाखाली, बारीक अक्षरात चालेल. खरं तर चालणार नाही, पण छाप.

तुझी, अजून जळणारी,
एर्मेलिंदा