फ्रॉकचं लाल बटण

दादाराव भाऊजी,
सप्रेम जयभीम.

काल माझ्या नातीने, प्रियंकाने, मला मुलुंडच्या मॉलमध्ये तो एकाहत्तरच्या लढाईचा सिनेमा दाखवला. सुरुवातीलाच पडद्यावर आलं, 'दादारावांच्या आठवणींवरून'. लोक रडत होते. मी बटणाकडे बघत बसले.

मरणाऱ्या जवानाच्या राखाडी स्वेटरला खालचं बटण लाल होतं. तसा स्वेटर मी ह्यांच्यासाठी विणला होता. एक बटण कमी पडलं म्हणून छोटीच्या फ्रॉकचं लावलं आणि पार्सलने सीमेवर पाठवला. तेव्हा तुम्ही दुसऱ्या तुकडीत गेला होतात ना? "वहिनी, भीमराजची शेवटची भेट झालीच नाही," असं माझ्या हातचा चहा पीत इतकी वर्षं सांगत आलात. मग ते बटण पाहिलं कोणी? खोटं बोलायचंच होतं, तर बटण तरी बदलायचंत!

सिनेमात तो पाणी मागत असतो आणि मित्र त्याला टाकून पळतो. म्हातारपणी त्याच्या बायकोच्या पाया पडून सगळं कबूल करतो. ती माफ करते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रियंका म्हणाली, "आजी, किती मोठ्या मनाची ना ती!"

मी म्हटलं, "तिला निदान विचारलं तरी कोणीतरी."

हे पत्र पेटीत टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही उत्तर तयार करून याल. रविवारी नेहमीसारखे जेवायला या. आधी पाण्याचा तांब्या पुढे ठेवीन, आणि तुमच्या घशाखाली ते उतरतं का, समोर बसून बघेन.

तुमची वहिनी,
लता