पत्र्याच्या गाड्यांचा वास

अहो,

आज अगदी राहवत नाहीये! जुन्या बाजारातून तुम्ही जमवलेल्या पत्र्याच्या खेळण्यातल्या गाड्या अखेर घरात आल्या. तुम्ही गेल्यावर सूनबाईने बजावलं होतं, "आई, पोरीची छाती नाजूक आहे. गाड्यांना लागलेला बाबांच्या सिगारेटचा वास गेला तर ठीक, नाहीतर गाड्या भंगारात."

मी शहाणीने आधी अत्तर चोपडलं. ती म्हणाली, "आता सिगारेट लग्नाला निघाल्यासारखी वाटतेय!" मग गाड्या ओल्या फडक्याने पुसल्या, खायचा सोडा घालून डब्यात कोंडल्या, सावलीत वाऱ्याला ठेवल्या.

आज सूनबाईने एकेक गाडी नाकाला लावली आणि नातीच्या हातात दिली. लाल बस माझ्या पायावरून धावतेय!

स्वप्नात याल तेव्हा बघून जा. सिगारेट मात्र दाराबाहेर विझवून या.

अजूनही तुमचीच,
कटकटी