दादाचे स्नायू, वहिनीचा डबा

४ जून
दादाचं रक्त नापास! क्रिएटिनिन – किडनी रक्त किती साफ करते ते सांगणारा आकडा – दीडच्या वर. मला किडनी द्यायला निघालेला माणूस – जिममध्ये दिवसभर पोरांकडून वजनं उचलून घेणारा, दंड माझ्या मांडीएवढे – आणि त्याचीच किडनी अधू? पटत नाही. वहिनी मात्र लगेच म्हणाली, "जाऊ दे ताई, दुसरं कोणीतरी मिळेल." फारच लगेच!

५ जून
डायलिसिस. छताकडे बघत पडले होते. डोक्यात एकच – त्याचा डबा कोण भरतं?

९ जून
मुद्दाम न कळवता त्यांच्याकडे गेले. ओट्यावर पावडरचा भलामोठा डबा. वहिनीने माझ्यादेखत कपाटात सरकवला. "काही नाही हो, ह्यांची ताकदीची पावडर." ताकदीची! तपासणीच्या आदल्या रात्री ताटभर चिकनही तिनेच वाढलं होतं. दादा हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

१२ जून
डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं – वहिनीचं नाव न घेता. "अहो, हा आकडा स्नायूंतून येतो. पैलवानाचा चढाच असायचा, त्यात मांस आणि पावडर! आकडा सगळ्यांनी बघितला, अंग कोणी बघितलं?" आता पावडर बंद. मग दादाला अनवाणी यंत्रावर उभं करायचं – स्नायू किती, चरबी किती. शिवाय रक्ताची दुसरी तपासणी, जिचा स्नायूंशी फारसा संबंध नाही.
वहिनीला फोनवर कळवलं. "बरं" म्हणून लगेच फोन ठेवला. सापडली!

२४ जून
दादा पास! "अंगात स्नायूच इतके, की नेहमीचा हिशोब फसला. किडन्या ठणठणीत आहेत." मी वहिनीवर नजर ठेवून होते – चेहरा पडतो का. नाही पडला.
दादाचा पडला.
"पुन्हा एकदा बघा ना, मॅडम," म्हणाला. "घाई कशाला?"

२६ जून
दादाचा फोन बंद.

२७ जून
अजून बंदच.

२९ जून
वहिनी आली, एकटीच. चप्पलही न काढता बोलायला लागली. "ते घाबरलेत हो, ताई. पहिला रिपोर्ट नापास आला, तेव्हा कुठे त्या रात्री नीट झोपले. तुम्हाला कळू नये म्हणून मीच विषय मिटवत होते." मग पदराने तोंड पुसलं. "रक्तगट जुळतो आपला. मी विचारून आलेय. उद्या माझं रक्त घेणार आहेत."