पहिल्या गोलाचे बांबू

जयकुमार भावोजींना वहिनीचा नमस्कार.

मी दोन यत्ता शिकलेली, अक्षर लावून वाचा. आपली नात निशिगंधा विद्यापीठाच्या पोरींना फुटबॉल शिकवते. तिची टीम आज देशात पहिली आली. आम्ही दोघं पुढच्या रांगेत होतो. तिथली भजी फार तेलकट, पण ते जाऊ दे.

बारा वर्षांपूर्वी ती कॉलेजात कोच झाली तेव्हा सातच पोरी होत्या. मुर्ध्याच्या सुक्या मिठागरात खेळायच्या, गोलाला खांबसुद्धा न्हाय. तेव्हा आपल्या अंगणातले बोंबील वाळवायचे सहा बांबू गेले ना, ते मीच तिला दिले. पोरी हाफपँट घालतात म्हणून तुमचे भाऊ आधीच भडकलेले. त्यांनी तुम्हाला चोर म्हटलं आणि मी घाबरून गप्प राहिले. तुम्ही पेणकरपाड्याला गेलात, ते आमच्या दारात पाय ठेवला नाहीत.

आज कप घेऊन निशिगंधा माईकवर म्हणाली, "माझे पहिले गोलपोस्ट आजीच्या बांबूंचे." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर मी घाबरून तुम्हाला पत्र लिहायला बसले, तर आता मागे उभे राहून म्हणतायत, "लिहितेस काय, जिजे? माझ्या भावाकडे जायचं हाय. मला पण माफी मागायचीय."

निशिगंधा रिक्षा आणायला गेलीय. म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, हातातच घेऊन येते. दारात मी पुढे असेन, शिव्या मला द्या. ह्यांना चहा द्या, साखर कमी.

तुमची वहिनी,
जिजाबाई